उदक आणि उजवाड

परदेशी जाऊन आलेल्या शिक्षकाने शाळेच्या वार्षिकात प्रवासवर्णन लिहावे, असा एक अलिखित दंडक आहे. सन २०२४ च्या दिवाळीच्या सुटीत आम्ही कॅनडातील ओन्टॅरिओ प्रांतात आमच्या थोरल्या बंधूंकडे तीन आठवडे राहून आलो, तेव्हा संपादक-मंडळाने आमच्याकडे नायगाऱ्याची मागणी नोंदविली. नायगारा आम्ही पाहिला. तो फार मोठा आहे, फार आवाज करतो, आणि त्याचे वर्णन आमच्याहून समर्थ लेखण्यांनी पूर्वीच केलेले आहे. आमच्या मनात घर करून राहिली ती मात्र दादाच्या घरामागील छपराखाली उभी असलेली एक सहाचाकी गाडी, आणि तिच्या पोटात डोके घालून आम्ही तिघांनी, म्हणजे दादा, त्याचा चौदा वर्षांचा चिरंजीव आणि आम्ही, घालविलेले आठ दिवस.

आम्ही कलाशाखेचे पदवीधर. घरी कोकणी बोलतो, वर्गात मराठी शिकवितो, आणि विजेचा व आमचा संबंध महिन्याकाठी येणाऱ्या बिलापुरता. तेव्हा पुढील मजकुरात जे काही शास्त्र आहे ते आम्ही पुतण्याकडून शिकलो आहोत, हे आरंभीच सांगून टाकतो. आमच्या शाळेतील विज्ञानाच्या शिक्षकांनी ते वाचून पाहिले आहे व मान डोलावली आहे.

आम्ही मूळचे दिवाडीचे. मांडवीच्या पात्रातील हे बेट. आमच्या लहानपणी बेटावर यायचे-जायचे तर फेरीबोटीवाचून गत्यंतर नसे. शाळा पलीकडे, बाजार पलीकडे, डॉक्टर पलीकडे. फेरीच्या धक्क्यावर वाट पाहण्यात आमच्या आयुष्यातील किती तास गेले याचा हिशेब मांडला तर एखादी पदवी आणखी पदरात पडली असती. दादा त्या काळी म्हणे, "गाडी तशीच पाण्यात घालता आली पाहिजे." आम्ही हसत असू. पुढे तो परदेशी गेला, स्थिरावला, आणि एका सरोवराकाठी घर घेतल्यावर पहिल्या दोन वर्षांतच त्याने ही गाडी जुनी म्हणून विकत घेतली. लहानपणीची इच्छा माणूस कोणत्या रूपाने पुरी करून घेईल, सांगता येत नाही.

गाडीचे वर्णन केले पाहिजे, कारण आपल्याकडे ती सहसा पाहावयास मिळत नाही. जाड प्लॅस्टिकची एक मोठी परात कल्पावी. तिच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन फुगीर टायर, त्यांत हवा अगदी थोडी. इतकी थोडी की टायर बोटाने दाबला तर आत जातो. मागे अठरा अश्वशक्तीचे लहानसे पेट्रोल इंजिन. सुकाणूचे चाक नाही. दोन दांडे आहेत. उजवा दांडा ओढला की उजवीकडची तिन्ही चाके थांबतात, डावीकडची चालत राहतात, आणि गाडी उजवीकडे वळते. चिखल, दलदल, बर्फ, खडक हे तिला सारखेच. पाण्यात उतरली की ती तरंगते, आणि टायरांवरचे खोल खाचे वल्ह्यांसारखे पाणी मागे सारतात. पाण्यातील तिचा वेग ताशी चार किलोमीटर. दिवाडीची फेरीबोट तिच्यापुढे वेगवान म्हणावी लागेल.

आता परातीच्या तळाशी सहा आस बाहेर गेलेले असतात, म्हणजे सहा भोके आली. त्या भोकांना रबरी बंद असतात खरे, पण रबर झिजते. शिवाय लाटांचे शिंतोडे आहेत, पाऊस आहे. म्हणून तळातील पाणी उपसून बाहेर टाकणारे दोन विजेचे पंप तिच्यात बसविलेले आहेत. होडीत बसलेला माणूस नारळाच्या करवंटीने किंवा डब्याने पाणी उपसतो, तेच काम. पंप चालतात बॅटरीवर. बॅटरी भरते इंजिनावर. आणि येथून आमच्या कथेला सुरुवात होते.

सरोवरात, दादाच्या काठापासून सव्वा किलोमीटरवर, एक लहान बेट आहे व त्यावर एक वृद्ध बाई एकटीच राहते. वय ऐंशीच्या पुढचे. नवरा गेला, मुले दूरच्या शहरांत. बेट सोडावयास ती तयार नाही. उन्हाळ्यात होडीने ये-जा होते. ऐन हिवाळ्यात सरोवर गोठून दगडासारखे झाले की लोक त्यावरून चालतात, मोटारीसुद्धा नेतात. अडचण असते ती मधल्या दिवसांची. हिवाळ्याच्या तोंडी बर्फाचा पापुद्रा धरू लागतो, वसंतात तो फुटू लागतो; त्या काही आठवड्यांत होडी बर्फात अडकते आणि बर्फ माणसाचे वजन पेलत नाही. नाव नाही, पायवाटही नाही. अशा वेळी बर्फावर चढणारी, बर्फ मोडला तर पाण्यात तरंगणारी ही परातच काय ती उपयोगी. तिकडे बर्फावरील अपघातांत सुटका करणारी पथकेही याच जातीच्या गाड्या बाळगतात. बाईची टपालाची पिशवी व हृदयविकाराची औषधे त्या दिवसांत दादा नेऊन देतो. तो याविषयी फारसे बोलत नाही. हे सर्व आम्हांला वहिनीकडून कळले.

आणि वहिनीचाच या गाडीला विरोध होता. त्याला कारण २०२३ च्या नोव्हेंबरात घडलेला प्रसंग. त्या दिवशी दुपारी दादाने वाटेत पडलेला एक ओंडका गाडीच्या पुढच्या विजेच्या रहाटाने ओढून काढला होता. संध्याकाळी बाप-लेक बेटावर औषधे पोचवून परत निघाले. पाच वाजताच अंधार पडलेला, पाण्याचे तापमान शून्याच्या जरा वर. अर्ध्या वाटेत पुतण्या म्हणाला, "बाबा, उजवाड उणो जाता." समोरचे दिवे पांढऱ्याचे पिवळे आणि पिवळ्याचे तांबूस होत होते. मग पंपांचा आवाज मंदावला, आणि थोड्या वेळाने बंद पडला. इंजिन मात्र चालू होते, कारण त्याच्या ठिणगीची वीज बॅटरीकडून येत नाही. तेवढ्यावर ते काठाला लागले. लागले तेव्हा परातीत पाणी घोट्यापर्यंत आले होते. वहिनी काठावर उभी होती. तिला दिवे दिसेनासे झाले होते, एवढेच. त्यानंतर वर्षभर, सूर्य मावळल्यावर गाडी पाण्यात न्यायची नाही आणि मुलाला तर मुळीच न्यायचे नाही, असा तिने नियम घातला. आम्ही तेथे पोचलो तेव्हा पुन्हा ऑक्टोबर संपत आला होता, आणि बेटावरील बाई तेथेच होती.

दादाचा समज असा की बॅटरी भरणारी यंत्रणा बिघडली आहे. पुतण्याने मात्र मीटर लावून दाखविले की तसे नाही. इंजिन बंद असताना बॅटरीच्या टोकांवर १२.५ व्होल्ट. इंजिन सुरू करून वेग वाढविला की १४.२. शिसे-आम्लाची बॅटरी भरण्यास साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट लागतात, म्हणजे यंत्रणा निरोगी होती. पण दिवे लावले, दोन्ही पंप सुरू केले आणि इंजिनाचा वेग पाण्यात असतो तितका कमी केला, की काटा १२.१ वर उतरे. "बिघडली नाही, पुरत नाही," असे त्याचे निदान. चौदा वर्षांच्या मुलाने बापाला हे सांगावे, आणि बापाने मीटरकडे पुन्हा-पुन्हा पाहावे, हा देखावा आम्ही मनमुराद पाहिला.

मग त्याने वहीत जमाखर्च मांडला. आमच्या वाचकांनीही तो मांडून पाहावा. त्रैराशिकापलीकडे त्यात काही नाही. दिवे दोन, प्रत्येकी ५५ वॅट. मिळून ११० वॅट. त्याला १२ व्होल्टने भागले की सुमारे ९ अँपिअर. पंप दोन, ३ अँपिअरचे; झाले ६. थंडीत हात गारठू नयेत म्हणून दांड्यांच्या तापणाऱ्या मुठी, ३. किरकोळ २. एकूण खर्च २० अँपिअर. आणि जमा? यंत्रणेवर छापलेला आकडा १६. म्हणजे छापील उत्पन्नातही चारची तूट होतीच. पण छापील आकडा इंजिन मिनिटाला ३,६०० फेरे घेत असतानाचा असतो. पाण्यात गाडी २,००० फेऱ्यांच्या आसपास चाले, आणि तेव्हा प्रत्यक्ष मोजलेली जमा निघाली ९. तूट ११ अँपिअर. ज्या वेळी पंपांची खरी गरज, नेमकी त्याच वेळी मिळकत सर्वांत कमी! ही तूट बॅटरीच्या पुंजीतून भरली जात होती. पुंजी ३२ अँपिअर-तासांची. त्यातून त्या दुपारच्या ओंडक्याने, रहाट सुमारे दोनशे अँपिअर खातो असे धरले, तर सहा मिनिटांत २० नेले होते. उरले १२. त्यात कडाक्याची थंडी, आणि थंडीत बॅटरीची ताकद फार घटते. त्या संध्याकाळी दिवे तांबूस का झाले, याचे उत्तर वहीच्या अर्ध्या पानावर मावले.

येथे एक क्षण थांबून ही वीज येते कोठून ते पाहू. मायकेल फॅरडे या संशोधकाने १८३१ साली दाखवून दिले की तारेच्या वेटोळ्याजवळून चुंबक हलविला की तारेत विजेचा प्रवाह उत्पन्न होतो. लहान इंजिनांत हीच युक्ती आहे. इंजिनाच्या टोकाला एक जड चक्र फिरत असते. त्याला फ्लायव्हील म्हणतात. त्याच्या आतील कडेला चुंबक चिकटविलेले असतात. चक्राच्या पोटात, न फिरणारे, तांब्याच्या तारेच्या वेटोळ्यांचे एक कडे असते, ते स्टेटर. चुंबक फिरतात, वेटोळ्यांत वीज उत्पन्न होते. चक्र जितके वेगाने फिरेल तितकी वीज अधिक. म्हणूनच संथ चालीत मिळकत घटते.

पण ही वीज क्षणात इकडे, क्षणात तिकडे अशी उलटसुलट वाहणारी असते, आणि बॅटरीला तर एकाच दिशेने वाहणारी हवी. पुतण्या हे आम्हांला इंग्रजीत समजावून देत होता व आम्हांला समजत नव्हते. मग दादाने त्याला थांबविले आणि एका शब्दात सांगितले: "मानस." आमच्या गोव्यातील वाचकांना हा शब्द पुरे. इतरांसाठी सांगतो. गोव्यात नदीकाठच्या खाजण शेतांना बांध असतात आणि बांधात मानस, म्हणजे लाकडी झडपांचा दरवाजा. ओहोटी लागली की शेतातील पाण्याच्या दाबाने झडपा बाहेरच्या बाजूस आपोआप उघडतात व पाणी नदीत जाते. भरती आली की नदीचे पाणीच त्या झडपा दाबून बंद करते. पाण्याला एकच वाट. बॅटरी व स्टेटर यांच्यामध्ये जी डबी असते, तिच्यात विजेची अशीच मानस असते. फरक एवढाच की ती उलट फिरलेला प्रवाहही वाया न घालविता वळवून सरळ वाटेला लावते. शिवाय ही डबी व्होल्ट १४.४ च्या वर चढू देत नाही, नाहीतर बॅटरी उकळून जाईल. दादाने उदाहरण दिले आणि आमच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पुतण्याने मानस कधी पाहिलेली नव्हती. त्याला ती कागदावर काढून दाखवावी लागली. अशा रीतीने त्या दुपारी दोघे विद्यार्थी झाले.

उपाय कोणता करावा यावर बाप-लेकांत दोन दिवस वाद झाला आणि न्यायाधीश आम्हांला नेमण्यात आले. कायदा ठाऊक नसलेला न्यायाधीश निःपक्षपाती असतोच. दादाचे म्हणणे, मोटारीत असतो तसा ४० अँपिअरचा अल्टरनेटर पट्ट्यावर चालणारा असा बाहेरून जोडावा. एकदाच काय ते काम होऊन जाईल. पुतण्याच्या हरकती तीन. एक, परातीत जागा नाही. दोन, पट्टा पाण्याने भिजला की घसरेल, आणि पाणी हेच तर या गाडीचे कार्यक्षेत्र. तिसरी हरकत आम्हांला सर्वांत आवडली: मोटारीच्या साध्या अल्टरनेटरमध्ये कायमचा चुंबक नसतो, त्याचा चुंबक बॅटरीच्याच विजेने तयार होतो. बॅटरी पार मेली तर तोही हात टेकतो. भिकाऱ्याला कर्ज देण्यापूर्वी सावकार भिकाऱ्याकडूनच भांडवल मागतो, त्यातला प्रकार. शिवाय पूर्ण भारावर असा अल्टरनेटर पट्ट्याची व स्वतःची घट धरून इंजिनाची एक अश्वशक्ती सहज खाईल.

त्याची स्वतःची योजना दोन भागांची होती. प्रथम खर्च कमी करावयाचा: ५५ वॅटचे दिवे काढून १८ वॅटचे एल.ई.डी. दिवे बसवावयाचे. उजेड तितकाच, आणि ९ च्या जागी ३ अँपिअर. एका दमात ६ ची बचत. खर्च २० वरून १४ वर. नंतर मिळकत वाढवावयाची: त्याच जातीच्या मोठ्या इंजिनावर येणारा २५ अँपिअरचा स्टेटर, त्याला साजेसे अधिक जोरदार चुंबकांचे चक्र आणि नवी डबी. नुसता स्टेटर बदलून भागत नाही. चुंबक तेच राहिले तर वेटोळी वाढवूनही फळ मर्यादित. २,००० फेऱ्यांना हा संच १५ अँपिअर देईल असा त्याचा अंदाज. पंधरा जमा, चौदा खर्च. एक शिल्लक. आमच्या घरातील अंदाजपत्रकात इतकी शिल्लक आम्ही कधी पाहिलेली नाही. निकाल आम्ही मुलाच्या बाजूने दिला. दादा थोडा वेळ गप्प बसला, मग उठून मोडीत काढलेल्या इंजिनांच्या दुकानदाराला त्याने दूरध्वनी केला.

सामान येईपर्यंतच्या दोन दिवसांत दादाने आम्हांला एक गोष्ट सांगितली, ती येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्यासाठी फोर्ड कंपनीने जीपवर होडीचे कवच चढवून जमीन-पाणी दोहोंवर चालणारी गाडी बनविली होती. बेन कार्लिन नावाचा एक ऑस्ट्रेलियन गृहस्थ त्या काळात हिंदी सैन्याच्या इंजिनिअर दलात अधिकारी होता. १९४६ साली बंगालमधील कलाईकुंडा येथील विमानतळावर त्याला अशी एक टाकून दिलेली गाडी दिसली, आणि हिच्यात बसून पृथ्वीप्रदक्षिणा करता येईल असे त्याच्या मनाने घेतले. सोबतचा मित्र हसला. कार्लिनने मग अमेरिकेत तशीच एक गाडी विकत घेतली, तिच्यावर छप्पर चढविले, पेट्रोलच्या टाक्या वाढविल्या, आणि अनेक फसलेल्या प्रयत्नांनंतर १९५० च्या जुलैत पत्नी एलिनोर हिच्यासह कॅनडाच्या हॅलिफॅक्स बंदरातून अटलांटिक महासागरात उडी घेतली. सुमारे महिनाभराने ती दोघे अझोर्स बेटांना लागली. पुढे युरोप, आशिया, आपला हिंदुस्थानही ओलांडून, जपानवरून, १९५८ साली त्याने कॅनडातच मॉन्ट्रिअल येथे प्रदक्षिणा पुरी केली. समुद्रावरील प्रवास सुमारे ११,००० मैल, जमिनीवरील सुमारे ३९,०००. त्या गाडीची वीज सहा व्होल्टची. तेवढ्याच वॅटसाठी व्होल्ट निम्मे म्हणजे अँपिअर दुप्पट, आणि तारेत वाया जाणारी ऊर्जा चौपट. ही पुतण्याने मध्येच घातलेली भर. ती गाडी आज ऑस्ट्रेलियातील पर्थ शहराजवळ गिल्डफर्ड येथे आहे, आणि आमच्या वाचकांना ऐकून मौज वाटेल, ती एखाद्या संग्रहालयात नसून कार्लिन जेथे शिकला त्या शाळेच्या आवारात आहे.

सामान आले. प्रत्यक्ष कामाचे सगळे टप्पे सांगत बसत नाही. जुने चक्र काढणे एवढेच कठीण होते. मधला नट काढला तरी चक्र आसावर घट्ट बसलेले असते. ते हातोड्याने ठोकून काढणे म्हणजे आस व चुंबक दोन्हींचा घात. त्यासाठी पुलर नावाचे तीन बोल्टांचे साधन असते. बोल्ट थोडे-थोडे आवळत गेले, आणि एका क्षणी टणत्कार होऊन चक्र सुटले. आसावर अर्धचंद्राच्या आकाराची एक लोखंडी चावी असते. ती बरोबर खाचेत बसल्याशिवाय नवे चक्र बसवावयाचे नाही. जवळ नेताच चक्राने स्टेटरवर झडप घातली; बोटे मध्ये असती तर चुंबकाचा जोर वेगळ्या रीतीने कळला असता. ठिणगी देणारे वेटोळे आणि चक्र यांच्यात पाव मिलिमीटर अंतर ठेवावे लागते. ते मोजण्यासाठी पुतण्याने आमच्या पाकिटातील एक जाडसर भेटपत्र मागून घेतले व मध्ये सरकविले. ते भेटपत्र एका विमा-प्रतिनिधीचे होते. त्याचा याहून चांगला उपयोग आम्हांला सुचला नसता.

खरी गोम तारांत होती. लोखंडी मोटारीत विजेला परतीची वाट गाडीच्या सांगाड्यातूनच मिळते. डबी नुसती सांगाड्याला बोल्टने घट्ट केली की जोडणी पुरी. पण आमची गाडी प्लॅस्टिकची, आणि प्लॅस्टिकमधून वीज जात नाही. तेव्हा परतीसाठी वेगळी तार ओढणे आले. इंजिन मागे, बॅटरी पुढे, अंतर तीन मीटर. जाऊन-येऊन सहा मीटर. मूळची तार दोन चौरस मिलिमीटर जाडीची होती. तांब्याच्या अशा सहा मीटर तारेचा रोध सुमारे ०.०५२ ओहम. त्यातून २० अँपिअर नेले तर एक व्होल्टहून अधिक वाटेतच खर्च होतो. म्हणजे डबीतून १४.४ व्होल्ट निघाले तरी बॅटरीच्या दारी १३.४ च पोचणार, आणि राहिलेली वीस-एकवीस वॅट ऊर्जा तार गरम करण्यात जाणार. आठ चौरस मिलिमीटरची तार घातली की हीच घट पाव व्होल्टवर येते. नवी यंत्रणा आणून जुन्याच तारा ठेवणारे लोक पुष्कळ असतात, असे तो दुकानदार दादाला म्हणाला होता. आम्ही आठची तार ओढली, बॅटरीजवळ ३० अँपिअरचा फ्यूज घातला, प्रत्येक सांधा दाबून, वर रबरी नळी तापवून आवळून, आत व्हॅसलिनसारखे वंगण भरून बंद केला. दमट खाऱ्या हवेत तांब्याला हिरवी बुरशी कशी चढते हे दिवाडीच्या माणसाला सांगावे लागत नाही. सांध्यांचे काम दादाने कोणालाही करू दिले नाही.

मधेच ३१ ऑक्टोबर आला. त्या वर्षी नरक-चतुर्दशी त्याच दिवशी होती, आणि तिकडील मुलांचा भुताखेतांची सोंगे घेण्याचा सणही त्याच संध्याकाळी. पहाटे अभ्यंगस्नान, संध्याकाळी दारात दहा-बारा भुते गोड खाऊ मागावयास उभी. गोव्यात त्या पहाटे नरकासुर जाळतात. तेव्हा राक्षसांशी आमची ओळख जुनीच. वहिनीने त्यांना पोह्यांचा चिवडा दिला. भुतांनी तो शंकित मुद्रेने स्वीकारला.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात, संध्याकाळी साडेपाचला, परीक्षा ठरली. वेळ वहिनीनेच ठरविली. "दिवसाढवळ्या चालून दाखवू नका, ज्या वेळी बंद पडली त्या वेळी चालवून दाखवा," ती म्हणाली. हवा दोन अंशांवर होती. तिघांनी तरंगती जाकिटे घातली. वहिनी काठावर, हातात टॉर्च. गाडी उतारावरून सरळ पाण्यात शिरली. पुढचा भाग खाली गेला, आमच्या पोटात काहीसे झाले, मग ती सावरून तरंगली. पुतण्याने सर्व काही एकदम सुरू केले: दिवे, दोन्ही पंप, तापणाऱ्या मुठी. मीटर त्याच्या मांडीवर. आम्ही त्या आकड्याशिवाय कशाकडेही पाहिले नाही. चांदणे होते की नव्हते, आता आठवत नाही. १३.६. सरोवराच्या मध्यावर १३.६. इंजिन जरा मंद केले तेव्हा १३.१, पुन्हा चाल धरली तेव्हा १३.६. बॅटरीतून काही जात नव्हते. थोडे येतच होते. पंपांच्या नळ्यांतून पाण्याच्या दोन धारा बाहेर पडत होत्या आणि त्यांचा आवाज शेवटपर्यंत एकसारखा राहिला.

बेटावरील बाई धक्क्यावर आली होती. तिने औषधांची पिशवी घेतली, सफरचंदाच्या मुरंब्याची बाटली दिली, आणि दिव्यांकडे बघत म्हणाली की हे फार प्रखर आहेत, माझ्या खिडकीवर पाडू नका. परतीच्या वाटेवर दादा काहीच बोलला नाही. काठ जवळ आला तेव्हा त्याने उजवा दांडा सोडून क्षणभर मुलाच्या खांद्यावर हात ठेवला; गाडी लगेच डावीकडे वळू लागली म्हणून तो त्याला काढून घ्यावा लागला. वहिनीने टॉर्च बंद केला. "उद्या रात्रीही जाऊन या," एवढेच म्हणाली, आणि घरात गेली.

निघण्याच्या आदल्या दिवशी पुतण्या दोन पांढऱ्या पट्ट्या व शाईचे पेन घेऊन आमच्याकडे आला. कळांवर नावे लिहावयाची होती आणि ती त्याला देवनागरीत हवी होती. आम्ही विचारपूर्वक 'जलोत्सर्जक' असा शब्द सुचविला. त्याने पट्टीची लांबी दाखविली. मग दादाला विचारून, घरात जे बोलतात तेच लिहावयाचे ठरले. दिव्यांच्या कळीवर 'उजवाड', पंपांच्या कळीवर 'उदक'. अक्षरे आम्ही घोटून लिहिली. फळ्यावर लिहितो त्यापेक्षा बरी आली.

डिसेंबरात पुतण्याचे पत्र आले. सरोवरावर पापुद्रा धरू लागल्यापासून गाडी बेटावर अकरा वेळा जाऊन आली होती, त्यांपैकी सात वेळा अंधारात, आणि तो सातही वेळा बरोबर होता. प्रत्येक खेपेचे आकडे त्याने तारीखवार लिहिले होते, १३.४ च्या खाली एकही नव्हता. एप्रिलमध्ये, बर्फ फुटण्याच्या दिवसांत, दुसरे पत्र आले. त्यात आकडे तसेच होते. मात्र पाण्याने पंपांच्या कळीवरील 'उदक' ही अक्षरे पुसट झाली आहेत, पुन्हा लिहून पाठवावी, असे शेवटी होते. या वेळी आम्ही न पुसणारी शाई मिळविली. पट्ट्या सहा लिहिल्या आहेत, पाकिटावर पत्ता घातला आहे, आणि उद्या सकाळी प्रार्थनेपूर्वी ते टपालात पडेल.